नव्या डिझेल गाडीचा पिवळा दिवा : कामाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार. ओडो १,६४०

डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या जाळीचा, पिवळा दिवा परत लागला. नोव्हेंबरच्या मध्यात लागला तेव्हा वर्कशॉपने गाडी अर्धा दिवस ठेवून 'साफ करून' दिली होती. महिनाअखेरीस पुन्हा तेच. गाडी दसऱ्याला घेतली आहे, कर्जाचा दुसरा हप्तासुद्धा अजून कापला गेलेला नाही.

आजपासून ही वही. मी क्वालिटीत आहे, कंपनीत रिजेक्शनचा माग काढतो तसंच करायचं: तारीख, ओडो (गाडी एकूण किती किलोमीटर चालली), काय दिसलं, कोण काय म्हणालं, आणि सगळ्यात शेवटी आपला अंदाज. अंदाजाचा रकाना जमेल तितके दिवस कोरा ठेवायचा.

आधी यंत्र समजून घेतलं. सायलेन्सरच्या वाटेवर एक सिरॅमिकची जाळी असते. तिच्या नळ्या एकाआड एक टोकाला बंद केलेल्या, त्यामुळे धुराला भिंतीतून गाळून जावं लागतं आणि काजळी मागे राहते. काजळी साठली की इंजिन स्वतःच ती जाळतं. त्यासाठी थोडं जास्तीचं डिझेल उशिरा मारलं जातं, धूर सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि दहा-वीस मिनिटांत जाळी मोकळी होते. याला रिजनरेशन म्हणतात. हे काम अर्धवट तुटत राहिलं तर काजळी वाढते, दिवा लागतो. दुर्लक्ष केलं की गाडी ताकद काढून घेते आणि मग पिकअप मिळत नाही.

माझं रोजचं जाणं-येणं चिंचवड ते भोसरी एमआयडीसी, एका बाजूने सात किलोमीटर. वर्कशॉपचं बोट याच सात किलोमीटरकडे आहे.

५ डिसेंबर, गुरुवार. ओडो १,६६०

गाडी मिळाली. फोर्स्ड रिजनरेशन केलं, म्हणजे स्कॅनर लावून गाडी उभ्या उभ्या तापवून काजळी जाळली. बिल शून्य. जॉब कार्डवर लिहिलंय : 'प्रॉब्लेम रेक्टिफाइड. ग्राहकास हायवेवर गाडी चालवण्याचा सल्ला दिला.'

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, बीएस-सिक्स डिझेलला हे होणारच. सिटीत वापरायची गाडी नाही ही."

विक्रीच्या टेबलावर मी रोजचं अंतर सांगितलं होतं. तिथे हे वाक्य कुणी उच्चारलं नाही, उलट डिझेलचा मायलेज किती ते दोनदा सांगितलं.

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, नाही असं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे धुराचे कडक नियम, लागू झाले आणि डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमऐवजी ४.५ मिलिग्रॅमच कण सोडायची मुभा राहिली. जाळीशिवाय ते जमत नाही, आणि छोट्या फेऱ्या जाळीला मानवत नाहीत हेही खरं. पण 'असं होऊ शकतं' आणि 'या गाडीत असंच झालंय' यांत फरक आहे. भोसरीत मी मशीनमनला एवढ्यावर सोडत नाही.

स्कॅनरवर दोषाचे कोणते कोड आले याचा कागद मागितला. "सिस्टीममध्ये असतं, मॅडम." प्रिंट मिळाली नाही.

८ डिसेंबर, रविवार. ओडो १,९१५

सल्ला पाळला. कात्रज बायपासने सातारा, जेवण, परत. जाताना खंबाटकी चढताना गाडीने काही कुरकुर केली नाही. सातारच्या अलीकडे ताशी ८०ला स्थिर चालवत असताना रिजनरेशन सुरू झाल्यासारखं वाटलं: क्षणाचा मायलेज एकदम पडला. थोड्या वेळाने थांबले तर इंजिन हजारच्या वर घुटमळत होतं आणि पुढचा पंखा जोरात चालू.

दिवा नाही. वर्कशॉपचं म्हणणं खरं असेल तर आता महिनाभर तरी शांतता हवी.

११ डिसेंबर, बुधवार. ओडो १,९६०

दिवा.

सातारला जाऊन आल्यावर शंभर किलोमीटरसुद्धा झाले नाहीत. छोट्या फेऱ्यांनी जाळी इतक्या लवकर भरत नाही. म्हणजे एक तर हायवेवरही ती पुरती साफ झाली नव्हती, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त काजळी करतंय. अंदाजाच्या रकान्यात दोन्ही पेन्सिलने.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी थंड इंजिनवर, सपाटीला उभी करून ऑइलची पट्टी काढली. पातळी वरच्या खुणेच्याही वर बोटभर. नव्या गाडीत ऑइल कमी होईल एक वेळ, वाढेल कशाला? वास घेतला, डिझेल.

याचं कारण असं: रिजनरेशनसाठी उशिरा मारलेलं डिझेल पूर्ण जळलं नाही की सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगांना नीट वंगण मिळत नाही. पातळी फारच वाढली तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढू शकतं आणि चावी काढूनही थांबत नाही. दिव्यापेक्षा हे गंभीर आहे. फोटो काढला, पट्टीशेजारी आजचा पेपर धरून.

आजपासून ऑफिसला कंपनीच्या बसने.

१५ डिसेंबर, रविवार. ओडो १,९७५

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा ब्लूटूथ डोंगल घेतला. मोबाइलवर इंजिनचे आकडे दिसतात. आमच्या गाडीला तापमानाचा काटा नाही. गार असताना निळा दिवा, जास्त तापली तर लाल, मधल्या सगळ्या गोष्टी चालकाने समजून घ्यायच्या. काटा काढून टाकायची ही फॅशन कुणाच्या सोयीची आहे, ते या वहीतून मला कळेल असं दिसतंय.

नाशिक फाट्यापर्यंत जाऊन आले. कूलंट म्हणजे इंजिनचं पाणी गर्दीत ७६ अंशांपर्यंत गेलं. रस्ता मोकळा मिळाला की ६८. थांबले की पुन्हा वर. पंखा तर लागलेलाच नव्हता.

मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की पाणी गार होतंय. हा आकडा चांगला की वाईट ते एकट्याकडे बघून सांगता येणार नाही. दुसरी गाडी हवी.

१९ डिसेंबर, गुरुवार

क्वालिटीतला सगळ्यात जुना उपाय: चांगला पीस शेजारी ठेवायचा. आमच्या डिझाइन विभागातल्या सहकाऱ्याकडे हेच मॉडेल, हेच इंजिन, वर्षभर जुनं. त्याचा रोजचा प्रवास माझ्याहून लहान. दिवा? "कुठला दिवा?" म्हणाला.

सुटल्यावर दोन्ही गाड्या एकामागे एक देहूरोडपर्यंत नेल्या. डोंगल जाताना त्याच्या गाडीत, येताना माझ्या. त्याची गाडी दहा मिनिटांत ८८वर पोचली आणि नंतर ८७ ते ९१च्या बाहेर गेली नाही. माझी एकदाच ७८ला टेकली, हायवेवर ६६.

रिजनरेशन सुरू करायचं तर इंजिन पुरतं तापलेलं असावं अशी अट संगणकात घातलेली असते. माझ्या गाडीत ते सुरू होतं, पण पाणी सत्तरच्या खाली गेलं की तुटतं, हे आज डोळ्यांनी पाहिलं: धुराचं तापमान ५९०वरून मिनिटभरात तीनशेच्या घरात. सातारला जाताना काय झालं असेल त्याचा उलगडा झाला. सुरू झालं होतं, पुरं झालं नव्हतं.

अंदाजाच्या रकान्यात पहिल्यांदा शाईने: थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आत मेणाची कुपी असते, ते ऐंशीच्या पुढे वितळून फुगतं आणि झडप उघडतं. ही झडप थोडी जरी उघडी राहिली तर पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटर फिरून येत राहतं. गर्दीत वारा नसतो म्हणून चालून जातं, मोकळ्या रस्त्यावर गार पडतं. शहरात गाडी न चालवण्याचा सल्ला ऐकून हायवेला गेलं की उलट आणखी बिघडतं.

२१ डिसेंबर, शनिवार. ओडो २,०३०

डोंगलच्या ॲपमध्ये 'पेंडिंग कोड' नावाचं पान आहे. तिथे आज सापडला: पी-०१२८. अर्थ, कूलंटचं तापमान थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या पातळीला पोचत नाही. पेंडिंग म्हणजे संगणकाला संशय आला आहे, पण पुढच्या फेऱ्यांमध्येही तोच दोष दिसल्याशिवाय तो इंजिनचा दिवा लावत नाही.

मग हा कोड आधीच का नाही पक्का झाला? कारण वर्कशॉपमध्ये गाडी गेली की पहिलं काम, फोर्स्ड रिजनरेशन, आणि शेवटचं काम, 'क्लिअर ऑल कोड्स'. ते बटण दाबलं की पक्के कोड जातात तसे पेंडिंगही जातात, आणि दोष घडला त्या क्षणाचे नोंदलेले आकडेही. दर भेटीत गाडी तक्रार लिहीत होती आणि दर भेटीत ते पान फाडलं जात होतं. चोराचे ठसे पुसून मग पंचनामा करायचा, तसला प्रकार.

स्क्रीनचा फोटो, तारीख-वेळेसह. स्वतः काहीही क्लिअर केलेलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

वर्कशॉप. आकडे दाखवले. ॲडव्हायझरने मोबाइलकडे न बघता सांगितलं, "बाहेरचं डिव्हाइस लावलंत तर वॉरंटी जाते, मॅडम."

वॉरंटीची पुस्तिका बरोबर होती. म्हटलं, ओळ दाखवा. वायरिंग कापून काही बसवलं तर काय, याबद्दल परिच्छेद होता. सॉकेटमध्ये डोंगल लावून वाचण्याबद्दल काही नव्हतं. मग विषय बदलला: "एकदा सरांना घेऊन या ना, त्यांना टेक्निकली समजावतो."

नवऱ्याला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. तो बँकेत आहे. म्हणाला, "मला समजावून काय उपयोग? वही तिच्याकडे आहे."

जॉब कार्डवर माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली: 'कूलंट हायवेवर ६६ अंशांपर्यंत उतरतं, पी-०१२८ पेंडिंग, ऑइलची पातळी खुणेच्या वर.' आधी त्याने लिहिलेलं होतं 'डीपीएफ दिवा. जनरल चेकअप.' दोन्हींचं फळ वेगळं येतं. पहिल्या ओळीवरून मेकॅनिकला शोधायला लागतं, दुसरीवरून नुसता दिवा घालवला तरी काम झालं.

रात्री कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल. दोन गाड्यांच्या आकड्यांचा तक्ता, तीन फोटो, आधीची जॉब कार्डं. रागाचं एकही वाक्य नाही. रागाची वाक्यं वेगळ्या कागदावर लिहून ठेवली आहेत.

३० डिसेंबर, सोमवार. ओडो २,०६०

कंपनीचा फील्ड इंजिनिअर आला. तरुण, कमी बोलणारा. त्याने स्वतःचा स्कॅनर लावला, मी चालवत होते. बायपासला लागल्यावर ७७, ७२, ६८, ६४. त्याने पाण्याचा आलेख दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, जरा तिसऱ्यात घ्या." इंजिनचे फेरे वाढवून पाहिले, तरी ७०च्या वर जाईना. परत येईपर्यंत त्याने जॉब कार्डवर 'थर्मोस्टॅट असेंब्ली बदलणे' लिहिलं. आठवडाभर चाललेल्या वादाचा निकाल अर्ध्या तासात.

त्याने एक प्रश्नही विचारला जो मला आवडला: "ऑइल किती वर आहे, मोजलंत?"

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

थर्मोस्टॅट बदलला. ऑइल आणि फिल्टरही. ऑइलचे पैसे आधी लावले होते, कारण ते 'कन्झ्युमेबल'. डिझेल मिसळलं ते गाडीच्या दोषामुळे, मी वापरून संपवलेलं नाही, असं म्हटल्यावर फील्ड इंजिनिअरला फोन झाला आणि ओळ खोडली गेली. या जाळीच्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, काजळी जळते पण ऑइलमधली राख जाळीत कायमची राहते. म्हणून डब्यावरचा ग्रेड वाचून मगच ओतू दिलं.

जुना भाग वॉरंटीत कंपनीकडे परत जातो, घरी देत नाहीत. बघायला मिळाला. थंड असूनही झडप एका बाजूने किंचित उघडी, बैठकीवर काहीतरी राखाडी. मेकॅनिकदादा म्हणाले, "क्षार असेल." नव्या गाडीत, कंपनीच्या कूलंटमध्ये, क्षार? फोटो घेतला.

१२ जानेवारी, रविवार. ओडो २,४३०

बरं चाललंय. ८७ ते ९०, खंबाटकी उतरतानासुद्धा ८५च्या खाली नाही. रिजनरेशन एकदाच, पंधरा मिनिटांत पुरं. ऑइल खुणेवर.

२६ जानेवारी, रविवार. ओडो २,७९०

सकाळी लोणावळ्याकडे. वडगावच्या पुढे ७१.

दहा-बारा मिनिटं तिथेच राहिलं, मग आपसूक ८८. परतताना पूर्ण वेळ ठीक.

नवा भाग, तोच दोष, पण आता येऊन-जाऊन. येऊन-जाऊन होणारे दोष मला शॉप फ्लोअरवरही नको असतात. भाग खराब असता तर सतत खराब दिसला असता. येतं आणि जातं म्हणजे मध्ये काहीतरी हलतंय.

३ जानेवारीचा फोटो लॅपटॉपवर मोठा केला. बैठकीवरचं राखाडी म्हणजे पापुद्रा नाही, गोलसर धागा आहे. क्षार असा गोल बसत नाही. हे गॅस्केटचं सीलंट आहे, जोडातून गळू नये म्हणून लावतात ती पेस्ट, आमच्याकडे गिअरबॉक्सच्या झाकणांना रोज लागतं. प्रमाणाबाहेर लावलं की बोल्ट आवळताना जादा भाग आतल्या बाजूला दाबून निघतो, तिथेच वाळतो आणि कधीतरी तुटून वाहत्या द्रवाबरोबर निघतो. आमच्या ड्रॉइंगवर त्या रेषेची जाडी दिलेली असते आणि दोन ऑपरेटर सोडले तर ती कुणी पाळत नाही.

थर्मोस्टॅट निर्दोष होता, दोन्ही. झडपेत तुकडा अडकतोय.

२९ जानेवारी, बुधवार

ईमेल गेली, फोटोसह. उत्तर येईपर्यंत दुसरी बाजू वाचून ठेवली. अमेरिकेत 'लेमन लॉ' आहेत, ठरावीक वेळा दुरुस्त करूनही दोष राहिला तर गाडी परत घ्यायला लावणारे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाच रस्ता. कामाच्या गोष्टी टिपून ठेवते: दाव्यासाठी वस्तूची दिलेली किंमत धरतात, ५० लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूमच्या गावी जावं लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. दोष नुसता बघून कळणारा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते, तिथून कंपनीकडे विचारणा जाते.

वकील मैत्रिणीने वही चाळली. म्हणाली, बहुतेक लोक तिच्याकडे येतात तेव्हा हातात फक्त बिलं असतात, आणि त्यावर 'प्रॉब्लेम रेक्टिफाइड' खाली त्यांचीच सही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. ओडो २,८८०

फील्ड इंजिनिअर परत आला, या वेळी वरिष्ठांना घेऊन. मला उभं राहू दिलं, काचेच्या अलीकडे. थर्मोस्टॅट उघडला: झडप स्वच्छ. वरिष्ठ माझ्याकडे बघून हसले. मग कूलंट पांढऱ्या ट्रेमध्ये काढायला लावलं, कपडा धरून गाळलं, आणि कपड्यावर शेवेच्या कणीएवढे चार-पाच राखाडी तुकडे. वॉटर पंपाचा जोड खोलला तर आतल्या काठावर वाळलेल्या सीलंटची कड, दोन ठिकाणी तुटलेली.

हसणं थांबलं. पुढचं काम नीट झालं हेही लिहिलं पाहिजे: पंपाचा जोड साफ करून नव्याने बसवला, रेडिएटर आणि हीटरच्या नळ्या उलट्या बाजूनेही धुतल्या, नवं कूलंट, हवा काढली. गाडी दोन दिवस राहिली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घ्यायला गेले. जॉब कार्ड तयार: 'कूलिंग सिस्टीम तपासली. ओके. ग्राहक समाधानी.' समाधानाची सही माझी.

केली नाही. 'वॉटर पंपाच्या जोडातील सीलंटचे तुकडे कूलंटमध्ये आढळले, जोड पुन्हा बसवला, सिस्टीम धुतली' एवढं लिहा म्हटलं. ॲडव्हायझर म्हणाला, फॉरमॅटमध्ये जागा नाही. मागची बाजू कोरी होती. पाऊण तास बसले, तेवढ्यात त्यांच्या वॉटर कूलरपाशी आणखी एक बाई भेटल्या, त्यांच्या जॉब कार्डवरही 'हायवेवर चालवण्याचा सल्ला'. त्यांना डोंगल कुठे मिळतो ते सांगितलं. हे ऐकू गेलं असावं, कारण मागची बाजू त्यानंतर लगेच भरली गेली. सही, शिक्का, दोन प्रती.

२ मार्च, रविवार. ओडो ३,६५०

कोल्हापूरला जाऊन आले. पूर्ण वाटेत ८६ ते ९१. ऑइल खुणेवर, वास नाही. रिजनरेशन आता चारशे किलोमीटरच्या आसपास एकदा, शहरातच सुरू होऊन शहरातच संपतं. सातच्या सात किलोमीटर तेच आहेत.

कंपनीचं पत्र आलं. डीपीएफ, टर्बो आणि वॉटर पंप यांवर एक वर्षाची वाढीव वॉरंटी, 'सदिच्छा म्हणून'. दोषाचा उल्लेख नाही. मी मागितलं होतं ते वेगळं: डिझेलमिश्रित ऑइलवर चाललेल्या इंजिनच्या बेअरिंगांचीही हमी. तसं परत लिहिलं आहे.

१८ मे, रविवार. ओडो ५,९००

बेअरिंगांबद्दल उत्तर 'विचाराधीन'. ऑइलचा नमुना ५०० मिलि काढून बाटलीत ठेवला आहे, १०,०००च्या सर्व्हिसला दुसरा काढून दोन्ही लॅबला एकदम पाठवायचे, धातूचे कण मोजायला. आयोगाकडच्या तक्रारीचा मसुदा तयार आहे, दाखल केलेला नाही. पहिला दिवा नोव्हेंबर २०२४चा, म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२६.

डोंगल सध्या त्या वॉटर कूलरपाशी भेटलेल्या बाईंकडे. त्यांचं पाणी ९०ला व्यवस्थित तापतं, त्यामुळे थर्मोस्टॅट नाही. त्यांच्या जाळीच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक इंजिन बंद असतानाही शून्य दाखवत नाही, सेन्सर किंवा त्याची रबरी नळी बघायला सांगितलंय. कोड क्लिअर करण्याआधी फोटो काढायलाही.